रिमची आतली बाजू

दि. ९ फेब्रुवारी, सोमवार

चि. धाकट्यास,

ताईचा नमस्कार. थोरल्या बहिणीने आशीर्वाद लिहायचा असतो, हे मला कळतं. दोनदा लिहिला आणि दोन्ही कागद फाडले.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र धडधाकट आहे. माझा घसा बसला म्हणून डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं, तर म्हणाली, "आम्ही तीस वर्षं हेच सांगतोय, आम्हाला कोणी फी दिली नाही." गच्चीवरची टाकी बदलली. मागच्या खोलीची खिडकी आता नीट लागते. तुझा चाकं तोलायचा स्टँड तिथेच आहे, चादरीखाली.

परवा कोपऱ्यावरचा गॅरेजवाला भेटला. टायरात हवा भरतो म्हणून तू ज्याचं नाव हवालदार ठेवलं होतंस, तो. त्याचे डोळे अधू झालेत. म्हणाला, "तुमच्या भावाला मी दोनदा निरोप धाडला. म्हटलं, ये, चाकांचं सगळं काम तू बघ. तर म्हणतो, माझ्या हातांवर माझा भरवसा उरला नाही. आणि तिकडे गोदामात खोक्यांना खिळे ठोकतोय. ताई, असा हात मी दुसरा पाहिला नाही हो."

मी गप्प राहिले, याचंच त्याला जास्त नवल वाटलं.

म्हणून हे पत्र. गेल्या आठवड्यात मला एक गोष्ट कळली. बाबांच्या स्कूटरचं ते पुढचं चाक तू निर्दोष करून दिलं होतंस. मी ते माळ्यावरून काढलं आणि तुझ्या स्टँडवर चढवलं. तू करायचास तसंच केलं. दोन उभ्या लाकडांवरच्या बेअरिंगवर आस ठेवला, चाकाला हलकेच गती दिली आणि थांबू दिलं. जड बाजू खाली आली. तू रिमच्या आत सुईने कोरलेल्या बारीक खुणा अजून आहेत. त्या खुणांवर सहा शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या. मग चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबू लागलं. वर, खाली, अर्ध्यावर, कुठेही. तासभर मी ते फिरवत बसले होते.

तू विचारशील, पट्ट्या कुठून आल्या.

त्या माझ्याकडेच होत्या. टेबलाच्या खणात, टाचण्यांच्या डबीत, चार वर्षं.

बाबा गेले त्या आठवड्यात मी बॅटरीच्या कारखान्याच्या फाटकावर शिशाच्या विषावर बोलत होते. अहवालांचे गठ्ठे वाचले होते, मजुरांच्या हिरड्यांवरच्या निळ्या रेषा पाहिल्या होत्या. रविवारी बाबांची स्कूटर धुवायला घेतली. रिमच्या आत करड्या पट्ट्या दिसल्या, सुरी टेकवली तर लोण्यात जावी तशी आत गेली. शिसं, माझ्या घरात, बाबांच्या हाताखाली. माझं डोकं सणकलं. सहाच्या सहा खरवडून काढल्या, डिंकाचा मागमूस राहू नये म्हणून रॉकेलने पुसून रिम लख्ख केली. तू आलास की तुझी हजेरी घेणार होते. तेवढ्यात सभेची गाडी आली आणि मी विसरले. सोमवारी सकाळी बाबा स्कूटर घेऊन निघाले.

वेगात चाक थरथरू नये म्हणून त्या पट्ट्या असतात, हे मला ठाऊक नव्हतं. एका घरात राहून तुझं काम मी कधी पाहिलंच नाही. दारातून "जेवायला चल" म्हणायचे, तेवढंच. बाबा बघायचे. शेजारी बसून म्हणायचे, "पोरगी माणसांना न्याय मिळवून देते, पोरगा चाकांना. चाकांचे खटले लवकर निकालात निघतात बुवा."

बाबा त्या उतारावर चाकामुळेच पडले, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिथे खडी सांडली होती. पण हवालदार चाक पाहून म्हणाला, "याला वजनं लावलेलीच दिसत नाहीत." वजनं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर वाण्याच्या तराजूतली आली, त्या पट्ट्या नाहीत. एवढं एक वाक्य मला पुरलं. शोकसभेला सभागृह भरलं होतं. आरोपीचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका, असं मी आयुष्यभर ओरडत आले, आणि त्या दिवशी तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "माझ्या बापाचा जीव या घरातल्या आळसाने घेतला." तू पहिल्या रांगेत होतास. तुला चार माणसांत बोलता येत नाही. मला ते तुझ्या जन्मापासून ठाऊक आहे.

आता पत्रात वर जाऊन पाहा. 'गेल्या आठवड्यात मला एक गोष्ट कळली' असं मी लिहिलंय. ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे. मी कशी आहे ते तुला त्यावरून दिसेल.

मला बाबा गेल्यावर आठव्या दिवशीच कळलं होतं. तू चाक मांडीवर घेऊन मागच्या खोलीत बसला होतास. मी चहा घेऊन आले. तू वर न बघता विचारलंस, "ताई, रिमची आतली बाजू इतकी स्वच्छ कशी? त्या रविवारी कोणी चाक घासलं होतं का?"

त्या क्षणी सगळं कळलं. हातातला कपसुद्धा हलला नाही. मी म्हणाले, "नाही."

तू "बरं" म्हणालास. मग स्वतःशीच म्हणालास, "म्हणजे माझा डिंकच सुटला." तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि तुझ्या हातांवरचा काढून घेतलास. पंधरा दिवसांनी तू घर सोडलंस.

काल मी त्याच सभागृहात उभी राहिले आणि हे सगळं सांगितलं. नावानिशी, तारखेनिशी. लोकांनी काय केलं, माहीत आहे? टाळ्या वाजवल्या. एक जण पुढे येऊन म्हणाला, "केवढं धैर्य, ताई." घरी येईपर्यंत मला शिसारी येत होती. मी पुन्हा एक भाषणच ठोकलं होतं आणि ते गाजलं होतं. तू तिथे नव्हतास.

आईला त्याआधीच सांगितलं होतं. ती रडली नाही. तिने विचारलं, "त्याने तुला विचारलं, तेव्हा मी कुठे होते?"

"स्वयंपाकघरात."

"मग मला हाक का नाही मारलीस? मी सावरलं असतं दोघांना."

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तिची गादी तिने मागच्या खोलीत नेली. पत्र लिहितेय म्हटल्यावर म्हणाली, "माझ्या वतीने एक अक्षर घालू नकोस. त्याच्याशी मी माझं बोलेन." म्हणून तिचा निरोप यात नाही.

क्षमा मागत नाही. मागितली की देणं-न देणं हे ओझं तुझ्या डोक्यावर येईल, आणि ओझी मी पुष्कळ टाकली आहेत. एवढंच सांगायचंय की डिंक सुटला नव्हता. मला त्या पट्ट्या सुरीने काढाव्या लागल्या. एकेक पट्टी निघताना मनगट दुखत होतं.

हवालदारालाही मी खरं सांगितलंय. हात पुसत तो म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत थांबतो. त्यापुढे डोळे थांबायचे नाहीत." तू आलास, तर मी या घरात असावं की नाही, ते तू आणि आई ठरवा. माझी बॅग भरायला वेळ लागणार नाही.

मला उत्तर लिहू नकोस. त्याला लिही.

'तुझी' लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतीच,

ताई