बशीतला शेवटचा तुकडा

ती. अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार, गुडघे वाकू देतील तेवढा साष्टांग. तुझी पाठ आता कशी आहे? शेक घेतेस ना, की 'घेतला, घेतला' म्हणतेस आणि पिशवी कपाटातच? आम्ही ठणठणीत आहोत, फक्त माझं डोकं फिरलंय. कारण सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस.

आमच्या लेकीने आपलं आपण जमवलंय हे तुला माहीत आहेच. मुलगा आचारी. (मी 'आचारी' म्हटलं की ती 'शेफ, बाबा!' म्हणून ओरडते. बरं बाई, शेफ.) त्याने बाजाराच्या मागच्या गल्लीत स्पॅनिश तापासचं हॉटेल काढलंय. तापास म्हणजे काय, तर पोट भरायचं नाही अशी शपथ घेतलेल्या माणसांचं जेवण. एवढुश्शा बशा, बशीत चार घास, आणि तेही सगळ्यांनी मिळून खायचे. मी जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले, अक्का. बशी हातात घेतली की आत किती आहे ते मला कळतं. काही नव्हतं. लेकीला विचारलं, चांगलं तापास हॉटेल ओळखायचं तरी कसं? तर म्हणे गोंगाट हवा, जागा कमी हवी, बशी लहान हवी आणि पदार्थ एकदम न येता एकेक करून, होईल तसा गरम गरम यायला हवा. म्हणजे आपल्या घरात ज्या गोष्टींवरून मी आयुष्यभर आरडाओरडा केला, त्यांचे तिथे पैसे घेतात.

तर मुलाच्या आईची आणि आमची पहिली भेट गेल्या रविवारी तिथेच ठरली. लेक कामावरून परस्पर यायची होती, तिला उशीर झाला. आम्ही दोघं आणि त्या बाई, उंच स्टुलांवर लटकून बसलो. माझे पाय जमिनीला टेकेनात. होणाऱ्या विहीणबाईंसमोर शाळकरी पोरासारखे पाय हलवणारा मी कसा दिसलो असेन, तूच विचार कर. पहिली बशी आली, टोमॅटो चोळलेला भाजका पाव. तुकडे चार, माणसं तीन! (हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात?) एकेक खाल्ला, एक उरला. मी म्हटलं, घ्या ना. बाई म्हणाल्या, छे छे, मी घरचीच, तुम्ही घ्या. ही म्हणाली, आम्ही मुलीकडचे, आम्ही कसं घेणार? मग क्रोकेट आले, म्हणजे तळलेले लांबट वडेच, आतून मऊ, बाहेरून कुरकुरीत. एक उरला. मग बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट. एक उरला. तीन बशा टेबलावर नुसत्या फिरताहेत, पत्त्याच्या डावासारख्या, आणि पान कुणीच उचलत नाही. वाढणारी मुलगी बशा न्यायला आली की आम्ही तिघं एका सुरात, 'राहू दे गं, खाताहेत अजून!'

आणि पुढे काही येईचना. पोटात कावळे ओरडताहेत, आणि आम्ही हवापाण्यावर बोलतोय. शेवटी तो मुलगाच हात पुसत बाहेर आला. चेहरा पार उतरलेला. म्हणाला, 'काका, काय चुकलं? मीठ कमी पडलं का?' अगं, त्याच्या हॉटेलात टेबलावर तीन बशा साठल्या की त्या रिकाम्या झाल्याशिवाय पुढची येत नाही, आणि बशीत उरलेला घास म्हणजे आचाऱ्याला नापसंती! त्या बिचाऱ्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमचे तीन नकार पाहिले होते, त्यातला एक सख्ख्या आईचा. आम्ही घाईघाईने 'छान होतं हो' म्हटलं. त्याला ते पटलं नाही. मलाही पटलं नसतं.

नेमकी तेव्हाच लेक आली. तीन बशा पाहिल्या, त्याचे डोळे पाहिले, आणि कडाडली, 'तिघांना मिळून एक घास उचलता येईना, आणि निघालेत लग्न ठरवायला! येत्या रविवारी परत या. बशा रिकाम्या झाल्या तर पुढचं बोलू, नाहीतर राहू दे.' ही घरी येऊन रडली. मी गार भात खाल्ला.

हसू नकोस, अक्का. मुलगा खरंच गुणी आहे. आमच्या या नसत्या भिडेपायी पोरीचं जमलेलं फिसकटलं, तर मी कुणाला तोंड दाखवू? मी ठरवून ठेवलंय, रविवारी हात पुढे करायचाच. पण त्या बाई समोर बसल्या की हात आपोआप मागे येतो. मुलांना आशीर्वाद असू दे.

तुझा,
त्रासलेला भाऊ

ता. क. रविवारी तू येच. पाठीचं कारण सांगू नकोस. लहानपणापासून बशीतला शेवटचा तुकडा तुझ्या तावडीतून कधी सुटलाय का? त्यावरून मी तुला आजवर जे जे बोललो, ते सगळं परत घेतो. येताना भूक घेऊन ये.

ता. क. २. पावाचा खा, क्रोकेटचा खा, पण त्या ऑम्लेटच्या शेवटच्या तुकड्याला हात लावायचा नाही. गेल्या रविवारपासून माझा त्याच्यावर डोळा आहे.