ताटलीतला ओकोनोमियाकी

ओसाका, १२ मे

सौ. हात्सुमीवहिनीस मिनोरीचा सा. न. वि. वि.

मी खुशाल. शिंगोदादाचा गुडघा कसा आहे?

गल्लीबोळातली खरी, जुनी ओकोनोमियाकीची दुकानं शोधून त्यांचं पुस्तक करायचं काम माझ्याकडे आहे, हे तुला ठाऊक आहेच. मोठ्या कंपन्यांच्या झगमगाटापुढे ती टिकावीत, एवढीच धडपड. त्यासाठीच गेल्या आठवड्यात हिरोशिमाला आले आणि न कळवता आपल्या दुकानात शिरले. आईच्या तव्यापाशी तू उभी होतीस. पातळ धिरड्यावर कोबीचा ढीग, वर डुकराच्या मांसाचे काप, सगळं एका झटक्यात पालटलंस; अगदी आईसारखं. मला ते बघवलं नाही.

वर तू माझ्यापुढे ताटली ठेवलीस, चॉपस्टिकसुद्धा. शेजारी टॅक्सीवाले नाकाशिमा नेहमीसारखे तव्यावरूनच, छोट्या उलथण्याने खात होते. ज्या तव्याच्या उबेला बसून मी गृहपाठ केला, तिथे मलाच परगावच्या गिऱ्हाइकासारखी ताटली? ओसाकाला जाऊन पोरीचे ओठ नाजूक झाले, गरम उलथणं सोसवत नाही, असं नाकाशिमा म्हणालेसुद्धा.

आपलं दुकान पुस्तकात घ्यायचं का, ते ठरत नाही. घरचं म्हणून पक्षपात नको. तुझं मत कळव.

तू रागावू नकोस. मी रागावले आहे तेवढं दोघींना पुरेल.

तुझी,
मिनोरी

हिरोशिमा, १७ मे

चि. मिनोरीस अ. उ. आ.

गुडघा बरा आहे, कुरकुर चालू आहे.

ताटली चुकून नाही दिली, वन्संबाई. मुद्दाम दिली. तू येण्याआधी सासूबाई गिऱ्हाइकांना सांगत होत्या, की आमची मिनोरी घराण्यातली पहिली पदवीधर. आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाल्या, ती पीठ याहून पातळ पसरायची. लग्न होऊन आले तेव्हापासून मी या तव्यावर हात भाजून घेते आहे, तरी पातळ पीठ तुझंच. तेवढ्यात तू दारात. मग मी ताटलीच काढली. मागून वाईट वाटलं, फार नाही.

पक्षपाताचं सोंग मात्र नको. माझा हेवा वाटतो म्हणून वगळणार असशील, तर तसं म्हण. घेणार असशील, तर आधी ऐक. कोपऱ्यावरच्या इशिहाराबाईंचं दुकान मासिकात छापून आलं. आता बाहेर टोक्योवाल्यांची रांग, आणि रोजची माणसं ती बघून पुढे जातात. परवा बाई स्वतः आमच्याकडे येऊन बसल्या. म्हणाल्या, ओळखीची तोंडं बघायला आले. आमचा तवा एवढासा. तुझ्या वाचकांना बसवायला कुणाला उठवू?

सासूबाई म्हणतात, घे. मी म्हणते, घेऊ नकोस.

माया असू दे, अधूनमधून भांडतही जा.

तुझी वहिनी,
हात्सुमी

ओसाका, २४ मे

सौ. वहिनीस सा. न.

दुकान वगळलं. हेवा वाटतो हे खरं, पण वगळलं ते त्यासाठी नाही. खरी दुकानं वाचवायची तर ती जगाला सांगायची, असं मी धरूनच चालले होते. दुकानवाल्यांना विचारायचं सुचलंच नाही. आता प्रत्येकाला विचारते आहे. काहींनी नको म्हटलं. संपादक चिडले आहेत. पुढचं पुस्तक माझ्याकडे येईलसं वाटत नाही.

आईला फोनवर मीच सांगितलं. ती म्हणाली, तुझ्यापेक्षा हात्सुमी बरी, तिचा हात आता माझ्यासारखा चालतो. तुझ्यासमोर ती हे कधी म्हणायची नाही, म्हणून मी लिहून पाठवते आहे. फार जिवावर आलं.

आहे तसा लोभ राहू दे.

मिनोरी