करंजाड्याहून तुर्भ्याला

आबा, तुमची पोरगी आता करंजाड्यात राहते. पनवेलच्या पलीकडची नवी वसाहत. सगळ्या बिल्डिंगी एका साच्यातल्या, लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे, बोलायला माणूस नाही. तुमच्या नातवानं इथं भाड्यानं घर घेतलं आणि तुर्भ्याची आपली खोली सुटली. माझं अक्षर चौथीनंतर सुधारलेलं नाही, समजून घ्या.

आधी मुद्द्याचं सांगते. तुर्भ्याचं कॅन्टीनचं काम गेलं आणि घरात मी कुणाला सांगितलेलं नाही. तिथं राहत होते तेव्हा मी नाक्याच्या अलीकडूनच हात वर करायचे आणि डायव्हर बस हळू करायचा. इतकी वर्षं तीच बाई, तीच वेळ. इथंही तसाच हात केला, तर बस भुर्रकन पुढं. एक पोरगी म्हणाली, "काकी, स्टॉप तिकडं आहे." मला स्टॉपचा नाही, डायव्हरचा राग आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच उभी राहून हात केला. तुमचाच हट्ट. रोज उशीर व्हायला लागला आणि एके सकाळी सुपरवायझर गेटातच म्हणाला, "मावशी, टेन्शन नका देऊ. दुसरी बाई लावलीय."

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन नेहमीसारखी बाहेर पडले. काय करणार? पोराला कळलं की म्हणणार, बरं झालं आई, आता आराम कर. बाजारात गोण्या उचलून तुमची पाठ गेली तेव्हा दादा तुम्हाला हेच म्हणाला होता. मला अजून दिसतंय, तुम्ही दारात पोतं टाकून बसलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारताय, "आज कांदा किती आला रं?" आणि कुणी थांबत नाही. एकदा तुमच्या हातातली कळशी मी घ्यायला गेले तर खेकसलात, "मेलो नाही अजून मी!" तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पाठीनं नाही आबा, त्या आरामानं गेलात तुम्ही. मला तसं बसायचं नाही.

म्हणून हिंडते. मिळेल त्या बसमध्ये चढते, मनात येईल तिथं उतरते, काम विचारते. वॉचमन आतच सोडत नाहीत. असंच एकदा भलत्याच स्टॉपला उतरून तिथल्या बिल्डिंगींच्या मागं गेले तर जुनं गाव निघालं. बैठी घरं, उघडी दारं, ओट्यावर एक म्हातारी सुके बोंबील निवडत बसलेली. मी दोन-तीनदा तिच्यासमोरून गेल्यावर तिनं हाक मारली.

"कोन गं तू बाय? रोज डबा घेऊन फिरतेस. आत काय हाय का नुसता वाजवाया आनलास?"

"काम शोधते," मी म्हणाले. एवढं खरं मी कितीतरी दिवसांनी बोलले.

"मंग उभी का? बस. मुंडकी मोड."

आपण साताऱ्याकडची माणसं, आपल्याला कुठलं बोंबलाचं ज्ञान! निम्मा बोंबील मुंडक्याबरोबरच मोडला. म्हातारी ओरडली, "अगं, गिऱ्हाइकाला शेपूट देऊ काय?" आणि हसायला लागली. मलाही हसू आलं. ती मला ठेवून घेईल का, माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही.

काल तिथूनच परतताना पनवेलला सूनबाई बसमध्ये चढली, शेजारीच बसली. माझ्या हाताचा वास तिला आलाच असणार. म्हणाली, "आई, कॅन्टीनला आज मासळी होती?" मी हो म्हणाले. आमचं कॅन्टीन शाकाहारी, हे तिलाही ठाऊक आहे. ती म्हणाली, "उद्या मला ऑफिसनं तुर्भ्याला पाठवलंय. आपण एकाच बसनं जाऊया ना?" खरंच पाठवलंय की माझी परीक्षा बघतेय, देव जाणे. मी म्हणाले, "ये की."

आता घरात सगळे आहेत, ती आत कणीक मळतेय, आणि मी गॅलरीत बसून तुम्हाला लिहितेय. हा कागद कुठं पाठवायचा नाही, लिहून झाला की फाडणार. तुमच्यासमोर तरी कशाला लपवू? घरात चार भिंतींत माझं तोंड उघडत नाही. चालत्या बसमध्ये, तिच्याकडं न बघता, उद्या काम गेल्याचं सांगून टाकीन म्हणते. पण आबा, तुर्भे येईपर्यंत तीच आधी बोलली, तर मला बरं वाटेल.