एकोणीस गोधड्या, सात रग, एकही पुरा नाही

४ ऑगस्ट २०२५

पायात टाचणी घुसली. सकाळी सात वाजता, चहाच्या आधी! टाचेतून रक्त. ताई म्हणाली, "अगं बाई, तीच शोधत होते कालपासून." टाचणी सापडल्याचा आनंद. माझ्या पायाचं काही नाही.

देवळ्याची भाड्याची खोली सोडून इथे सिडकोत ताईकडे राहायला आले त्याला दोन महिने झाले. "रिटायर झालीस, एकटी काय करशील तिथे? तुझे भाऊजी गेल्यापासून मीही एकटीच. मागची खोली तुझी." असं म्हणाली होती फोनवर. मागच्या खोलीत मी नाही. मागच्या खोलीत गोधड्या आहेत. पलंगावर, पलंगाखाली, कपाटावर, खिडकीच्या कट्ट्यावर. सगळ्या अर्धवट. मी एकोणसाठ वर्षांची बाई हॉलमधल्या दिवाणावर झोपते — आणि त्या पलंगावर!

वास तर असा, की दार उघडलं की आधी तोंड फिरवावं लागतं. ओलसर, जुनाट, कुणीतरी नेसून टाकलेल्या साड्यांचा. पावसाळ्यात तर विचारूच नका.

६ ऑगस्ट

आज मोजल्या. शाळेच्या ऑफिसात तेहतीस वर्षं क्लार्क होते, यादी केल्याशिवाय मला राग नीट येत नाही.

गोधड्या एकोणीस. कुणाला अस्तर नाही, कुणाला काठ नाही, एकीचे नुसते चौकोन टाचलेले. रग सात. ही कॅनडाची कृपा. ताईचा मुलगा हर्षल तिथे असतो, त्याच्या मुलीच्या वेळी ताई तिकडे सहा महिने होती. तिथल्या लायब्ररीत म्हाताऱ्या बायका चौकटीवर गोणपाट ताणून, आकडीने चिंध्या वर ओढून ओढून गालिचे करतात. 'रग हुकिंग' म्हणे. ही शिकून आली. येताना नातीचे फोटो चार आणि आकड्या अकरा!

साती रगांवर मधोमध एक गोळा भरलेला. बाकी उघडं गोणपाट. बघून अंगावर पोतं घातल्यासारखं खाजतं.

ताईला यादी दाखवली. कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, परत दिला. "करणार आहे गं. सगळ्या पुऱ्या करणार आहे."

दुपारी बघते तर नवीन गोधडी कापायला बसलेली!! विसावी!

७ ऑगस्ट

डाळीत दोरा. लाल. तोंडातून ओढून काढला, निघतच राहिला. जेवण सोडून उठले.

८ ऑगस्ट

शी शी शी. लिहितानाही कसंतरी होतंय.

गोजराबाई झाडायला आली. महिनाभर ती मागच्या खोलीत पाय ठेवत नाही. "मी नाय बाई तिथं जाणार. उंदीर हाय तिथं." मी म्हटलं, चल, मी येते बरोबर. खालून तिसरी गोधडी उचलली, आणि आत, कापसाच्या चिंध्यांच्या घरट्यात, पाच पिल्लं. गुलाबी. कातडी आरपार दिसणारी. डोळे मिटलेले. वळवळत होती.

मी बेसिनपाशी जाऊन ओकले. गोजराबाईने सुपलीत घेऊन खाली नेली. येऊन हात धुतले आणि म्हणाली, "मोठ्या बाईंना सांगू नका. रडतील."

रडतील! कुणासाठी? उंदरांसाठी की गोधडीसाठी?

सांगितलंच मी. ताई नुसती म्हणाली, "कुठली गोधडी?" निळी, म्हटलं. "निळी नाही गं माझ्याकडे. काळी असेल." अगं निळी, गडद निळी! तुझ्या स्वतःच्या हातची! — आपल्या वस्तूंचा रंगही धड माहीत नाही आणि त्यांचा डोंगर रचून ठेवलाय.

१० ऑगस्ट

रविवार. हर्षलचा व्हिडिओ कॉल. ताई स्वयंपाकघरात गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, पिल्लांसकट. तो हसला. "मावशी, करू दे ना तिला. बिझी राहते ती." तिकडून सोपं आहे. वास येत नाही ना फोनमधून.

गणपतीच्या आत खोली रिकामी झाली पाहिजे, असं मी ताईला सांगून टाकलं आज. ती चहा ओतत होती. अर्धा कपात, अर्धा ओट्यावर. पुसलाही नाही. बेपर्वाईला काही सीमा!

१४ ऑगस्ट

आज केलं.

ताई गुरुवारची चार वाजता दत्ताच्या देवळात जाते, गल्लीच्या टोकाला. खालून बोहारीण ओरडत चालली होती. वर बोलावली. चार गाठोडी दिली. पिल्लांची निळी, कसर लागलेल्या दोन, बाकी ज्या हाताला लागल्या त्या. आठ गोधड्या गेल्या. तिने झाकणाचा स्टीलचा डबा दिला. "बाई, अशा टाकलेल्या गोधड्या घेऊन मी काय करू?" करत करत शेवटी घेऊनही गेली.

खिडकी उघडली. फिनेलने पुसून काढलं. पलंगाची एक बाजू दिसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत उभं राहून श्वास घेतला.

१५ ऑगस्ट

ताईने ओळखलं. बघून नव्हे. आत गेली, ढिगावरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, एकदाच. बाहेर आली.

"सईची कुठंय?"

सई म्हणजे हर्षलची मुलगी. तिची गोधडी त्यात होती हे मला काय माहीत? चिठ्ठी लावली होती का कुणी? मी सांगितलं, बोहारणीला दिली. घाण होती, दिली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. खाली सोसायटीत झेंडावंदन, स्पीकरवर गाणी, आणि ही भिंतीकडे तोंड करून बसलेली. मला तिचा राग आला, मग माझा आला, मग परत तिचाच आला.

१६ ऑगस्ट

संध्याकाळ. दवाखान्यातून आत्ता आलो.

मी अंघोळीला गेले तेवढ्यात ताई एकटी घराबाहेर पडली. बोहारीण पवननगरच्या बाजारापाशी बसते, हे गोजराबाईकडून काढून घेतलं होतं तिने. अकरा वाजता फोन आला, तिच्या फोनवरून, पण आवाज परका. "आज्जी पडल्यात, या."

केळ्याच्या हातगाडीवर आदळली. उभ्या गाडीवर! लख्ख उजेडात! कपाळाला तीन टाके, डावं मनगट मोडलंय, प्लास्टर घातलं. गाडीवाला बिचारा दवाखान्यापर्यंत आला. पुन्हापुन्हा तेच सांगत होता. "मी ओरडत होतो मावशी. आज्जी सरळ अंगावरच आल्या. मला वाटलं थांबतील. त्यांना दिसतं ना?"

दिसतं, म्हटलं मी. सटकलीय नुसती.

असं म्हटलं मी. परक्या माणसापाशी.

१७ ऑगस्ट

ताई झोपून. गोजराबाईला पाठवलं पवननगरला. बोहारीण भेटली, गोधड्या नाहीत. कुठल्या तरी कारखान्यात पुसायच्या चिंध्या म्हणून गेल्या.

सईच्या गोधडीने कुणीतरी मशीनचं तेल पुसतंय आत्ता.

१९ ऑगस्ट

ताईला औषधाने गुंगी. मला घरात काही सुचेना. मागच्या खोलीत गेले. उरलेल्या अकरा तरी (विसावी नुसती कापलेली, ती सोडून) नीट करून ठेवू, कसर झटकू, उन्हं आहेत तोवर गॅलरीत टाकू. मनात तेच. वास, किळस. नाकाला पदर लावला होता.

हॉलच्या फरशीवर एकेक पसरली. कुठली कधीची हे कापडावरून कळतं. ही भाऊजींच्या धोतराची, म्हणजे ते गेले त्या वर्षीची. ही हर्षलच्या लग्नातल्या साड्यांची. हिच्यात ताईचा कॅनडाला जाताना घेतलेला ड्रेस. जुनी आधी, नवी नंतर, रांगेने लावत गेले. क्लार्कची खोड, दुसरं काय.

जुनीवर तांदळाच्या दाण्याएवढे टाके. सरळ. पट्टी ठेवून मारल्यासारखे. पुढचीवर गव्हाएवढे. पुढची — ओळ चालता चालता वर चढलीय, शेजारच्या ओळीवर. त्यापुढची, बोटाच्या पेराएवढे टाके, आणि सुईची नव्हेत, दाभणाची भोकं. मग काळ्या कापडावर काळा दोरा बंदच. लालवर पांढरा. फक्त लालवर पांढरा. ओळी एकमेकींवरून गेलेल्या, कुठे एकाच जागी सात-आठ वेळा. शेवटचीत कापडाला वाळलेले तपकिरी ठिपके. हिंग नव्हे, हळद नव्हे. बोटाचं रक्त.

आणि त्यानंतर गोधडी नाहीच जवळपास. रग. जाड आकडी, मोठी भोकं, बोटाने चाचपून करता येईल असं काम.

मी त्या रांगेच्या टोकाला फरशीवर बसले. पदर नाकाला तसाच.

तेहतीस वर्षं मी हजेरीपटातली एकेक चुकीची टिक पकडत आले. दोन महिने हिच्यासमोर बसून जेवतेय!

२० ऑगस्ट

विचारलं. सरळ. "ताई, तुला दिसत नाही ना?"

"दिसतं की. समोरचं दिसतं."

"किती?"

तिने चांगल्या हाताची मूठ केली, तिला बारीकसं भोक ठेवलं आणि डोळ्याला लावली. "एवढं. उजव्याने. तेही संध्याकाळी धुरकट होतं."

कधीपासून? चार वर्षं. डॉक्टरकडे गेली होती? गेली होती, एकदा, एकटीच. काचबिंदू म्हणाले होते. थेंब दिले होते रोज घालायला. महिनाभर घातले. "काही फरकच पडेना गं. म्हणून सोडले."

फरक पडण्यासाठी नसतात ते! आहे ते टिकावं म्हणून असतात! मी ओरडले. टाके पडलेल्या बाईवर ओरडले.

हर्षलला का नाही सांगितलंस? "सांगितलं की घर विकेल. तिकडे नेऊन ठेवेल. त्या बर्फात काय करू मी आंधळी?" आणि मला? मला बोलावलंस ते याचसाठी ना? तिने प्लास्टरची कड चाचपली. मग म्हणाली, "तू आलीस म्हणजे धीर येईल सांगायला, असं वाटलं होतं. तू आल्या दिवसापासून नाकाला पदर लावलास."

मी उठून तिच्या पाण्याचा तांब्या भरून आणला.

नंतर तिनेच सांगितलं. "कापायचं, टाचायचं हाताला पाठ आहे. मधलं होतं कसंबसं. काठाला आलं की जमत नाही. काठ वाकडा जातो. वाकडा काठ मी कुणाला देऊ? मग वाटतं, पुढची होईल. उजेड चांगला असला तर होईल."

मला माझीच शिसारी आली. गुलाबी पिल्लं बघून आली होती त्याहून जास्त.

२२ ऑगस्ट

डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. दिवसभर. थेंब घालून बसवलं, मशीनमध्ये हनुवटी टेकवली, दिवे दिसले की बटण दाबायचं. ताईने किती वेळा दाबलं ते मी बाहेरून मोजत होते. फार थोडं.

डावा गेला. परत यायचा नाही. उजव्यात आहे तेवढं वाचवायचं, रोज रात्री थेंब, चुकवायचा नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी. ताईने विचारलं, "आणि शिवण?" डॉक्टरीण बाई भली होती. म्हणाली, उजेडात करा, मोठं करा, डोळ्यांना त्याने काही होत नाही.

रिक्षात ताई एकदम म्हणाली, "सईच्या गोधडीचे काठ तू करशील का? नवीन करू. मी मधलं."

मला सुईत दोरा ओवता येतो, एवढंच. हो म्हटलं.

हर्षलला फोन मी केला. या वेळी तो हसला नाही.

२४ ऑगस्ट

मागची खोली आवरली. काही टाकलं नाही. अकरा गोधड्या, सात रग, उन्हात घालून, डांबराच्या गोळ्या घालून, पेटीत. वास अजून आहे. खोटं कशाला लिहू. अजून नको वाटतो. पण आज रात्री त्या पलंगावर झोपणार.

पहिला काठ घातला. ताई बोट फिरवून म्हणाली, "वाकडा आहे." उसवला.

२६ ऑगस्ट

डॉक्टरीण बाईंनी त्या दिवशी ताईच्या कागदावर लिहून दिलं होतं की सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं. मला काय धाड भरलीय, म्हणत आज गेले, एकटीच. त्याच मशीनमध्ये हनुवटी टेकवली. मला वाटलं, भराभर दाबतेय मी बटण.

मलाही आहे. दोन्ही डोळ्यांत. सुरुवात आहे म्हणाल्या, वेळेवर आलात. कडेचे दिवे मला दिसलेच नव्हते, आणि दिसले नाहीत हे कळलंही नाही.

घरी आले. ताईने मान वळवून विचारलं, "काय म्हणाल्या गं?"

"काही नाही," म्हटलं. "तुझ्यासारखं नाही."