गॅलरीतला पहिला आवाज

प्रिय आक्का,

फोन का नाही केला म्हणून चिडू नकोस. फोनवर मी बोलायला लागलो की तू मध्येच 'जेवलास का' विचारतेस आणि फोन सासूबाईंच्या हातात देतेस. हे एका दमात सांगायचं तर लिहूनच पाठवायला हवं. रविवारी पेठेत माझा सत्कार आहे, हे आबांनी तुला कागलला कळवलं असेलच. मला त्या सत्काराची शिसारी आली आहे.

चौकात फ्लेक्स लागलाय. 'युरोप गाजवून आलेला पेठेचा वाघ'. खाली शुभेच्छुकांचे सतरा फोटो, त्यातले निम्मे माझ्या फोटोपेक्षा मोठे. युरोप मी काय गाजवला ते तुला ठाऊक आहे. गोव्यात तीन हंगाम बरे गेले, तिथून एजंटानं माल्टाला पाठवलं. तिसऱ्या डिव्हिजनचा क्लब, मैदान प्लास्टिकच्या गवताचं, तेही जागोजागी उसवलेलं. पण मिडफिल्डला मी चांगला खेळायचो, हे कुणापुढेही सांगेन. मागून आलेला चेंडू घ्यायचा, मान वर करून बघायचं आणि ज्याला हवा त्याला वेळेत द्यायचा. आबांनीच शिकवलेलं. दुधाचा रतीब घालून झाला की रिकामे कॅन मोटारसायकलला तसेच लटकवून ते मला मैदानावर आणायचे आणि "मुंडी वर! आरं मुंडी वर!" म्हणून ओरडत राहायचे. त्या ओरडण्यात त्यांचा घसा जो बसला तो कायमचाच. आजही हजार माणसांत तो आवाज मला वेगळा ऐकू येतो.

माल्टाची एक गोष्ट तुला अर्धीच सांगितली होती. तिथं आपल्याकडची पुष्कळ पोरं घरोघर जेवण पोचवायचं काम करतात. एका सामन्यात मी कॉर्नर घ्यायला गेलो की कठड्यामागचे लोक ओरडायचे, आमचा पिझ्झा कुठाय, उशीर का झाला. सगळे हसायचे. एकानं आपल्या लहान मुलीला खांद्यावर घेतलं होतं, तीही ओरडत होती. लोक चेष्टा करतात एवढंच मी तुला सांगितलं होतं. तेव्हा आमचा गोलकीपर, घानाचा, दारात मावणार नाही असा धिप्पाड, गोलकिक घ्यायच्या ऐवजी सरळ चेंडूवर बसला. पंचानं पिवळं कार्ड दाखवलं तरी उठेना. म्हणाला, ते गप्प बसल्याशिवाय खेळ नाही. चार मिनिटं लागली, पण बसले गप्प. सामना संपल्यावर त्यानं मोजे धुवायला टाकले आणि गेला.

आता गेल्या रविवारची फायनल, आपल्या पेठेच्या तालमीचा फुटबॉल संघ विरुद्ध पलीकडच्या तालमीचा. पलीकडच्या तालमीकडून इमेका खेळतो, नायजेरियाचा, माझ्यासारखाच मिडफिल्डला. शाहूपुरीत खोली घेऊन राहतो. अख्खं शहर त्याला पावणं म्हणतं. मिसळीच्या गाड्यावर "पावणं, कट वाढू का?" म्हणून विचारतात, तोही "व्हय की, वाढा" म्हणतो आणि त्याच्याकडून पैसे घ्यायला कुणी तयार नसतं. आबांनीही त्याला एकदा घरी जेवायला आणलं होतं. चार वाट्या पांढरा रस्सा पाजला. "लाजू नगा पावणं, घर आपलंच हाय," म्हणत होते. मला तेव्हा आबांचा केवढा अभिमान वाटला होता.

फायनलला एक-एक बरोबरी होती. शेवटची दहा मिनिटं. इमेकानं चेंडू घेतला आणि पूर्वेच्या गॅलरीतून माकडाचा आवाज आला. आधी एकच. मग दहा-बारा, मग सगळी गॅलरी. आपली पेठ, आक्का. त्याला फुकट मिसळ घालणारी माणसं बगला खाजवून उड्या मारत होती. इमेका थबकला आणि चेंडू त्याच्या पायातून निसटून माझ्याकडे आला. मला बसता आलं असतं. घानाचा तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे उभा होता, खोटं सांगत नाही. पण मी मुंडी वर केली, डावीकडे राजवर्धन मोकळा दिसला, त्याला पास दिला आणि गोल झाला. आपण जिंकलो. सगळे माझ्या अंगावर पडले तेव्हा इमेका होता तिथंच उभा राहून माझ्याकडे बघत होता. रविवारचा सत्कार त्या पासचा आहे.

किळस पेठेची येते, पण तिच्याआधी स्वतःची येते. चार वेळा डोक्यावरून अंघोळ केली, तरी कानातून गुलाल निघतोच आहे. बाळासोंना, म्हणजे आपल्या तालमीच्या अध्यक्षांना, सांगून बघितलं की सत्कार नको आणि का नको. ते हसले. "आरं, मॅचमधी चालतंय की. त्येला काय कळतंय?" मग बुधवारी इमेकाच्या खोलीवर गेलो. माफी मागायला शब्द जुळवत बसलो होतो. त्यानं चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "पास चांगला हुता." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो चहा मला जाईना.

तर काल मी पलीकडच्या तालमीच्या फॉर्मवर सही केली. पुढच्या हंगामात इमेकाच्या शेजारी खेळणार. पेठ सोडणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तू त्याच गल्लीत वाढलीस. उद्यापासून पेठेतल्या कुठल्याच लग्नाची पत्रिका माझ्या नावानं येणार नाही. रविवारी आबा फेटा घेऊन मंडपात उभे राहतील आणि मी नसेन. मग ते तुला फोन करतील. पोटच्या पोरानं पेठेत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही म्हणून रडतील. हे पत्र त्या फोनच्या आधी तुला मिळावं म्हणून लिहिलं. तू त्यांची समजूत घालू नकोस. गॅलरीतला तो पहिला आवाज बसक्या घशाचा होता. सम्राटनं तो ओळखला, एवढंच त्यांना सांग. आणि मग जेवलात का ते विचार, कारण त्या दिवशी घरात दुसरं कुणी विचारणारं नसेल.

तुझाच,
सम्राट