शेवटचा फोटो कोणाचा

४ एप्रिल २०११, सोमवार. सकाळी ६.४०
ठराव. आजपासून रोजनिशी. प्रमाण मराठीत. मले-तुले बंद. उद्याच्या केंद्रप्रमुखाला ते शोभत नाही.

केंद्रप्रमुखाचं अजून जाहीर झालेलं नाही. पण हुडकेश्वरला नवी ब्रँच उघडते आहे हे पक्कं. नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या मल्टिमीडिया इन्स्टिट्यूटमध्ये नऊ वर्षांपासून फ्लॅश (ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) कोण शिकवतं? मी. हुडकेश्वरला कोण राहतं? मी. घरापासून नवी ब्रँच पायी सात मिनिटं. दोनदा चालून पाहिली.

सायंकाळी ७.००
मालक धम्मानंद सर यांनी स्टाफला बोलावलं. रिसेप्शनला टचस्क्रीन लागणार. त्यावर चार शिक्षकांचे फोटो. फोटोवर बोट ठेवलं की त्या शिक्षकाचा दोन मिनिटांचा डेमो सुरू. उन्हाळी बॅचच्या चौकशीला लोक येतातच. दोन आठवडे मोजायचं, कोणाच्या फोटोवर किती बोटं पडली. ज्याला जास्त, त्याला हुडकेश्वर.

व्हिडिओ चालवायचं काम मिनलकडे. मोजणी माझ्याकडे. विश्वासाचं काम आहे, असं सर म्हणाले. मिनलला असं काही म्हणाले नाहीत. नोंद केली.

मिनल चार महिन्यांपूर्वी लागली. तीही फ्लॅश शिकवते. एका इन्स्टिट्यूटला फ्लॅशचे दोन शिक्षक कशाला, हे मी कोणाला विचारलेलं नाही.

५ एप्रिल, मंगळवार
मोजणीचा प्रोग्राम अर्ध्या तासात तयार. शिक्षकांची यादी अ‍ॅरेत म्हणजे एका रांगेत, त्या रांगेत एकेका नावावरून फिरणारं लूप, प्रत्येक फोटोला एक लिसनर म्हणजे बोटाची वाट पाहणारा पहारेकरी. बोट पडलं की त्या नावापुढे एक वाढतो. टेस्टिंगसाठी यादीत एकच फोटो घेतला, माझा. दहा वेळा दाबला. दहा मोजले. चोख.

मग बाकीच्यांना घेतलं. कोण कधी लागलं त्या क्रमाने. नंदिनी मॅडम (फोटोशॉप), मी, अंकित (व्हिडिओ एडिटिंग), शेवटी मिनल. शेवटी लागली म्हणून शेवटी. यात माझं काही वाईट नाही.

मिनल म्हणाली, सर, कोणता फोटो दाबला ते ओळखायचा कोड माझ्या फाइलमध्ये आहे, हवा तर घ्या. मी म्हटलं, मी दुसऱ्याच्या फाइलमध्ये डोकावत नाही. नऊ वर्षं झाली, कोणाच्याही फाइलमध्ये पाहिलेलं नाही.

६ एप्रिल, बुधवार. रात्री ८.००
पहिल्या दिवसाचा आकडा. मिनल ३१. नंदिनी मॅडम ०. अंकित ०. मी ०.

नवीन चेहरा आहे. दोन दिवसांत उतरेल.

७ एप्रिल, गुरुवार
मिनल ३८. बाकी शून्य.

मला जळजळ होत नाही. फक्त निरीक्षणं लिहून ठेवतो. एक, मिनलला सर कपबशीत चहा देतात, मला प्लॅस्टिकच्या ग्लासात. दोन, क्लास सुटल्यावर पोरं तिच्याभोवती पंधरा मिनिटं उभी राहतात. माझा क्लास सुटला की तीस सेकंदांत खोली रिकामी, म्हणजे माझं पोरांना पहिल्याच वेळी समजतं. तीन, तिचं बोर्डावरचं अक्षर. इतकं चांगलं अक्षर काढायला वेळ लागतो, तो वेळ शिकवण्यातून जातो. चार, ती चिडत नाही. नऊ वर्षांत मी असा माणूस पाहिला नाही. काहीतरी लपवून राहिली आहे.

८ एप्रिल, शुक्रवार
माझ्या सकाळच्या बॅचमध्ये भूमिका नावाची मुलगी आहे. फार विचारते. आज म्हणाली, सर, अ‍ॅरेत दहा चित्रं आहेत, लूपनं सगळ्यांना लिसनर लावला. आता माणसानं नेमकं कोणतं चित्र दाबलं ते प्रोग्रामला कसं समजेल?

मी म्हटलं, दाबणाऱ्याला माहीत असतं की त्याने काय दाबलं, तू आधी ड्रॉइंग सुधार. सगळे हसले. चांगली चालली बॅच.

मग ती मिनलकडे गेली, असं कळलं. आजचा आकडा: मिनल ४४.

९ एप्रिल, शनिवार
डबा घरी राहिला. बायको, माया, घेऊन आली. मी क्लासमध्ये होतो, तर ती अर्धा तास रिसेप्शनला बसली. घरी गेल्यावर विचारलं, स्क्रीन पाहिली का? म्हणाली, पाहिली, चांगली आहे. कोण कसं दिसतं विचारलं. म्हणाली, तुमचा फोटो कॉलेजातला आहे का. मी विषय बदलला.

मिनल ३६. बाकी शून्य. मायादेखत एकानेही माझा फोटो दाबला नसेल, या विचाराने जेवण गेलं नाही. भरीत होतं. तरी दोनच भाकरी.

११ एप्रिल, सोमवार
लंच टाइम. रिसेप्शन रिकामं. माझा फोटो मी स्वतः दाबला. चौदा वेळा. चौदाही वेळा माझा डेमो नीट लागला. (डेमो उत्तम आहे. सुरुवातीचं एक मिनिट मी वर पाहतो, ते विचारात असल्यासारखं वाटतं.)

रात्री ८.००
मी ०.

चौदा गेले कुठे? मिनल ५२. म्हणजे माझे चौदा तिच्या नावावर गेले. म्हणजे जाऊन राहिले. म्हणजे कोणीतरी नेऊन राहिलं. मोजणीचा प्रोग्राम माझा, त्यात चूक असण्याचा प्रश्न नाही. उरली कोण?

मले राग आला. मला राग आला.

१२ एप्रिल, मंगळवार
सरांना लेखी अर्ज दिला. विषय: आकड्यांत फेरफार. नाव घेतलं नाही. एवढंच लिहिलं की नुकत्याच लागलेल्या, फ्लॅश शिकवणाऱ्या, ॲक्टिवावर येणाऱ्या महिला कर्मचाऱ्याची चौकशी व्हावी. सर वर्ध्याला निघाले होते. अर्ज टेबलावर ठेवला, वर पेपरवेट ठेवलं.

मिनलने आज मला विचारलं, सर, बरं नाही का, चेहरा उतरला तुमचा. ओवा देऊ का म्हणाली. पर्समध्ये ओवा ठेवते ही बाई. मी घेतला. पोट खरंच दुखत होतं.

१४ एप्रिल, गुरुवार
जयंती. सकाळी दीक्षाभूमी, सायंकाळी आमच्या विहारात कार्यक्रम. पाच वक्ते बोलले. टाळ्या बेताच्या. शेवटी अध्यक्षीय भाषण, चंपतराव गुरुजी. ते पंचेचाळीस मिनिटं बोलले आणि त्यांच्यासाठी लोक थांबले. जेवण त्यानंतर होतं म्हणून थांबले असं माया म्हणाली, पण ते तिचं मत.

तिथं बसल्या बसल्या माझ्या डोक्यात लख्ख झालं. आपल्याकडे मानाचा माणूस शेवटी असतो. आधी बोलतो तो प्रास्ताविक करणारा. आणि मी स्वतःला यादीत दुसऱ्या नंबरवर ठेवून बसलो. लोकांनी मले काहून दाबावं? मीच स्वतःचा मान ठेवला नाही. आणि ज्या बाईले चार महिने झाले तिले अध्यक्ष करून बसवलं.

उद्या क्रम बदलणार.

१५ एप्रिल, शुक्रवार. सकाळी
क्रम बदलला. मिनल दुसरी, मी शेवटी. स्क्रीनवर फोटो आणि अ‍ॅरेत नाव, दोन्ही. मागचे आकडे टेस्टिंगचे धरून काढून टाकले. नवा क्रम, नवी सुरुवात.

रात्री ८.००
मी ६४. मिनल ०. अंकित ०. नंदिनी मॅडम ०.

चौसष्ट. लोकांना सगळं समजतं. फक्त माणूस योग्य जागी बसवावा लागतो.

मिनलवर घेतलेला संशय मागे घेतो. ती बिचारी तशी नाही. शून्य आलं तरी हसून गुड नाइट म्हणाली. अर्ज काढून घ्यायला सरांच्या केबिनमध्ये गेलो. पेपरवेट होतं, अर्ज नव्हता. झाडताना गेला असेल.

१६ एप्रिल, शनिवार
मी ५९. बाकी शून्य.

व्हिजिटिंग कार्ड छापायला टाकली. प्रशिक रामटेके, केंद्रप्रमुख, हुडकेश्वर. मायाच्या आईला फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, आता तरी घरी लवकर येत जा जावईबापू. माया म्हणाली, आधी सरांना तर बोलू द्या. बायकांना आकडेशास्त्र कळत नाही. माझा एकूण आकडा १२३ आहे, हे तिला दोनदा समजावलं. ती कपड्यांच्या घड्या करत राहिली.

१७ एप्रिल, रविवार
नव्या ब्रँचला जाऊन आलो. सहा मिनिटं लागली, आता चाल वाढली आहे. रंगकाम सुरू आहे. माझी खुर्ची कुठे येईल ते पेंटरला दाखवून ठेवलं. तो म्हणाला, मॅडमनं तिथं पाण्याचा फिल्टर सांगितला. कोणत्या मॅडम, विचारलं. माहीत नाही म्हणाला. नंदिनी मॅडम असतील, त्यांना फार तहान लागते.

१९ एप्रिल, मंगळवार
अखेरचा आकडा. मी २३६. बाकी शून्य. प्रिंट काढली. दोन रंगांत. उद्या अकराला मीटिंग.

मिनलबद्दल आता मला फार बरं वाटतं. सदरची सगळी फ्लॅश बॅच तिला देऊन टाकू असं ठरवलं. मोठ्या मनाने. वर्षभराने बोलावूनही घेऊ, हाताखाली.

२० एप्रिल, बुधवार. सायंकाळी ५.००
प्रमाण मराठी आज होणार नाही.

सर्वांना रिसेप्शनले बोलावलं. मी प्रिंट वाटली. सरांनी पाहिली आणि म्हणाले, प्रशिक, दोनशे छत्तीस बोटांत एक बी बोट दुसऱ्याच्या फोटोले लागलं नाही का गा? मी म्हटलं, लोकांची पसंती आहे सर. सर उठले. नंदिनी मॅडमच्या फोटोले बोट लावलं. मॅडमचा डेमो लागला. मोजणी उघडून पाहिली. मी २३७. अंकितच्या फोटोले लावलं. मी २३८. मिनलच्या फोटोले लावलं. मी २३९.

भूमिका फॉर्म भरायले तिथंच उभी होती. म्हणाली, सर, हेच तर मी विचारलं होतं.

मिनल हळूच म्हणाली, स्क्रीन सुरू होते तेव्हाच लूप सगळ्या नावांवरून फिरून संपते, बोट नंतर पडते. तोवर प्रोग्राममधल्या नाव ठेवायच्या एकाच डब्यात यादीतलं शेवटचं नाव राहिलेलं असते. म्हणून कोणताही फोटो दाबा, मोजणी शेवटच्याचीच वाढते. कोणता दाबला ते बोट पडल्यावर त्या फोटोलेच विचारावं लागते. सगळ्यांचं होते असं, सर. माझंही झालं होतं कॉलेजात.

कॉलेजात.

मग सरांनी ड्रॉवरमधून माझा अर्ज काढला. म्हणाले, हा वाचला म्हणून मी मिनलले विचारलं, तर तिच्या व्हिडिओच्या प्रोग्राममध्ये वेगळी नोंद निघाली, कोणाचा डेमो किती वेळा लागला त्याची. पहिल्या दिवसापासूनची. मिनल २१४. नंदिनी मॅडम १७३. अंकित १२०. मी १७.

मी अर्ज दिला नसता तर कोणी ती नोंद उघडलीच नसती.

ब्रँच मिनलले. अर्ज सरांनी सगळ्यांसमोर वाचला नाही. फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मिनलले त्यात काय आहे ते माहीत होतं, हे तिच्या तोंडावरून दिसलं. बाहेर पायऱ्यांवर मी तिले सॉरी म्हटलं. ती म्हणाली, चालते सर, पोट कसं आहे आता?

मले तिचा राग याच्यासाठी येते की ती चांगली आहे. वाईट असती तर माझं किती सोपं झालं असतं.

२२ एप्रिल, शुक्रवार
कार्ड आली. दोनशे. मायाने मागच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी लिहायले घेतली. साखर, तूर डाळ, ओवा.

दिवसभर सतरा या आकड्यावर विचार केला. सतरा काही कमी नाही. त्यातले चौदा माझे धरले तरी तीन उरतात. म्हणजे कोणीतरी आहे. अख्ख्या नागपुरात तीन माणसं अशी आहेत की ज्यांनी चार चेहरे पाहिले आणि मले निवडलं. त्या तिघांसाठी शिकवत राहीन. ठराव.

२३ एप्रिल, शनिवार. सकाळी
चहा पिता पिता मायाले तिघांबद्दल सांगितलं. ती म्हणाली, ती मीच होती ना, डबा घेऊन आली तेव्हा. तीनदा काहून, विचारलं. म्हणाली, पहिल्या दोन वेळा तुम्ही वरच पाहून राहिले होते, मले वाटलं स्क्रीन अटकली.

मी चहा संपवला. मग मी विचारलं, दुसऱ्या कोणाचा दाबला होता का? म्हणाली, मिनल मॅडमचा पाचदा. समजून येते त्यांचं.

हुडकेश्वरला मिनलची फ्लॅशची बॅच एक मेपासून सुरू होते म्हणे. माया जाणार आहे. घरापासून पायी सात मिनिटं, असं मलेच सांगून राहिली. मी म्हटलं, जा वं, मी कुठं नाही म्हणतो. फ्रिजवर प्रवेशाचा फॉर्म ठेवला आहे, सही लागते म्हणाली.

पाहिलं तर फॉर्म दोन आहेत. दुसऱ्यावर विद्यार्थ्याच्या रकान्यात तिनं माझं नाव टाकून ठेवलं आहे.