कोंबड्याच्या बुडाचा अंगठा

४ मार्च

मामाचा कोंबडा मी वितळवला. झालं, लिहून टाकलं.

मेणाचा होता. मामानं महिनाभर खपून कोरलेला. त्यावरून काचेचा ओतायचा होता. मला फक्त गंमत करायची होती — कोंबड्याला मामाच्या मिशा! मामीनं आणलेल्या स्कॅनरनं तो चारी बाजूंनी आणि उलटा करून बुडाकडूनही टिपायचा, कॉम्प्युटरवर मिशा चिकटवायच्या आणि तिच्याच प्रिंटरवर प्लास्टिकचा काढायचा. टिपताना ठेवला कुठे? भट्टीच्या झाकणावर. टिपून झाल्यावर मी स्क्रीनवर मिशा चिकटवून हसतोय, इकडे कोंबड्यानं मान टाकली. मग तुरा. मग सगळंच.

मामानं गेल्याच आठवड्यात दम दिलाय — "आता एक जरी उद्योग केलास तर बोचकं बांधून आईकडे." तिकडे जाऊन काय करू? मला इथंच राहायचंय.

५ मार्च

मिशा उडवल्या, साधा कोंबडा छापला. प्रिंटर थरावर थर चढवतो, त्याच्या आडव्या रेघा राहतात. त्या घासल्या, वरून पातळ मेण फासलं, जागेवर नेऊन ठेवला. हुबेहूब. तरी सारखा जाऊन बघतोय.

मामा म्हणाला, "बघ, याला म्हणतात हाताचं काम. तुझ्या मामीच्या त्या छापायच्या पेटीला जमेल?"

मी खोकलो.

चहाचा कप त्यानं दोन्ही हातांनी धरला होता. थंडी वाजते म्हणे. भट्टीशेजारी!

६ मार्च

मामानं कोंबड्याभोवती प्लास्टर ओतलं. साचा भट्टीत. आतलं मेण वितळून निघून जातं, त्या पोकळीत काच उतरते. पण प्लास्टिक गुपचूप जात नाही. जळतं.

मामी — "कसला घाण वास येतोय रे?"

"माझे बूट."

"बाहेर ठेव ते. आणि पाय धू."

धुतले. दोनदा.

१० मार्च

काच अजून निवतेय. घाई केली की तडकते म्हणे. त्याआधी मीच तडकेन.

१३ मार्च

साचा फोडला. हिरवट, भारदस्त कोंबडा निघाला. मामी टाळ्या वाजवायला लागली. मामानं तो उलटा केला. मेण मऊ असताना प्रत्येक कामाच्या बुडाशी तो अंगठा दाबतो. तीच त्याची सही. काचेतसुद्धा अंगठ्याच्या गोल रेघा उमटतात.

तेवढा खळगा घासायचा मी विसरलो होतो.

मामी आत गेल्यावर मामा म्हणाला, "कुणाचा रे हा अंगठा? रेघा सगळ्या आडव्या."

"कोंबड्याचा असेल," तोंडातून निघून गेलं.

तो हसला नाही. "उद्या बोलू," म्हणाला.

बोचकं बांधून ठेवलंय.

१४ मार्च

मामानं मला मागच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि हात पुढे धरला. थरथरत होता. मूठ वळायला गेला, तर जास्तच.

"त्या कोंबड्याची मान कोरताना माझ्या हातून तीनदा मोडली," म्हणाला. "आता गिऱ्हाइकानं घोडा सांगितलाय. तू कर, पेटीवर. बुडाला फक्त मेणाचा गोळा लाव. अंगठा मी दाबतो. तेवढं जमतं अजून. मामीला कळलं तर भट्टी बंद करायला लावेल."

बोचकं सोडलं.

डायरीच्या पाना, कोंबड्याचं सांगायचं तर खुशाल सांग, माझं नाव घेऊन सांग. हाताचं नको. कुणालाच नको. पाया पडतो तुझ्या.